सुपरमार्केटचा पंप, सहा मैलांचा वळसा आणि हाती उरलेले ३८ पेन्स
वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधलं पेट्रोल-डिझेल

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी गाडीच्या इंधनाचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांतले निवडक खाली घेतले आहेत. पंपावरचे भाव सतत हलतात, म्हणून हिशोबासाठी साधं पेट्रोल सगळीकडे लिटरला १३५ पेन्स धरलं आहे. त्या जागी तुमच्या भागातला आकडा घाला; रीत तीच राहते.

प्रश्न : घराशेजारी टेस्को सुपरमार्केटचा पंप आहे. तीन मैलांवरच्या दुसऱ्या सुपरमार्केटमध्ये, म्हणजे अ‍ॅस्डात पेट्रोल लिटरला ३ पेन्सने स्वस्त मिळतं. दर आठवड्याला तिकडे जावं का? (लेस्टर)

फक्त पेट्रोलसाठी जाणार असाल, तर नको. हिशोब असा. इथे पेट्रोल लिटरने विकतात आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज मात्र मैल-प्रति-गॅलनमध्ये सांगतात. ब्रिटिश गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर. तुमची गाडी ४५ मैलांचं अ‍ॅव्हरेज देत असेल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण १६ किलोमीटर, तर १३५ पेन्सच्या भावाने एका मैलाला १३.६ पेन्सचं पेट्रोल जळतं. जाऊन-येऊन सहा मैल म्हणजे ८२ पेन्स. चाळीस लिटर भरल्यावर वाचतात १२० पेन्स. हाती उरले ३८ पेन्स, आणि शनिवारच्या रहदारीतला अर्धा तास गेला तो वेगळाच. टाकी अर्धीच रिकामी असेल आणि वीसच लिटर बसणार असेल, तर बचत ६० पेन्स आणि खर्च ८२. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

लक्षात ठेवायला सोपा आडाखा : ४५ मैलांचं अ‍ॅव्हरेज आणि ४० लिटरची भरणी असेल, तर लिटरमागे एका पेन्सच्या फरकावर जाऊन-येऊन तीन मैलांचा वळसा बरोबरीत सुटतो. तुमच्या ३ पेन्सच्या फरकात बरोबरी नऊ मैलांवर होते, तुमचा वळसा सहाचा. म्हणून थोडं उरलं. मोठी गाडी ३० मैलांचंच अ‍ॅव्हरेज देत असेल, तर तीन मैलांऐवजी दोन धरा.

तोच अ‍ॅस्डा कामाच्या वाटेवर असेल किंवा आठवड्याचा बाजार तिथेच करत असाल, तर मात्र पूर्ण १२० पेन्स तुमचे. आणि थोडं थोडं भरू नका. काटा पावच्या आसपास आला की एकदाच भरा. दर चार दिवसांनी वीस पौंडांचं भरणाऱ्याला तोच वळसा दुप्पट वेळा पडतो.

प्रश्न : एकाच कंपनीच्या सुपरमार्केटमध्ये दोन गावांत दोन भाव कसे? पुण्यात कुठल्याही पंपावर गेलं तरी काही पैशांचाच फरक असतो. (रेडिंग)

पुण्यातला पंपवाला भाव ठरवतच नाही. भारतातल्या सरकारी तेल कंपन्या १६ जून २०१७ पासून दर रोज जाहीर करतात, पंपचालकाला ठरलेलं कमिशन मिळतं आणि गावागावांतला फरक पडतो तो वाहतुकीमुळे आणि राज्याच्या करामुळे. ब्रिटनमध्ये भाव विक्रेता ठरवतो, आणि ठरवताना समोरच्या चौकातल्या पंपाच्या पाटीकडे बघून ठरवतो. जवळ दुसरं मोठं सुपरमार्केट किंवा कॉस्टको (वर्गणी भरलेल्या सदस्यांसाठीचं घाऊक दुकान) असेल, तर भाव खाली. आसपास कोणीच नसेल, तर त्याच कंपनीचा भाव काही पेन्स वर.

त्याच्या हातात खेळायला जागा किती असते तेही बघा. १३५ पेन्समध्ये २० टक्के व्हॅट धरलेला असतो, म्हणजे एक षष्ठांश : २२.५ पेन्स. इंधन शुल्क, म्हणजे लिटरमागचा ठरावीक सरकारी कर, मार्च २०२२ मध्ये ५७.९५ वरून ५२.९५ पेन्सवर आणलं, तेच इथे धरू. दोन्ही मिळून ७५.४५. उरलेल्या ५९.५५ पेन्समध्ये कच्चं तेल, शुद्धीकरण, जैवइंधन, टँकरचं भाडं आणि पंपाचा नफा. म्हणजे सगळी चुरस मोजक्या पेन्सची असते, आणि शेजारी कोण बसलाय यावर ती ठरते.

‘अ‍ॅस्डा म्हणजे स्वस्त’ हे समीकरण बऱ्याच मराठी घरांत अजून पक्कं आहे. ते एके काळी खरंही होतं. अ‍ॅस्डाने भाव उतरवला की बाकीचे मागोमाग उतरवत. पण ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने, म्हणजे सीएमएने, जुलै २०२३ च्या अहवालात दाखवलं की २०१९ ते २०२२ या काळात सुपरमार्केटांचा लिटरमागचा सरासरी नफा ६ पेन्सने वाढला होता. अ‍ॅस्डा आणि मॉरिसन्सने आपलं नफ्याचं लक्ष्य वाढवलं आणि बाकीच्यांनी त्यांना खाली ओढण्याऐवजी त्यांच्याबरोबर जाणं पसंत केलं. तेव्हा नावावर जाऊ नका, पाटी वाचा.

पाटीवरच्या नावातही गोम असते. मॉरिसन्सने आपले ३३७ पंप २०२४ मध्ये मोटर फ्युएल ग्रुप या पंप चालवणाऱ्या कंपनीला विकले. दुकान मॉरिसन्सचं, पंप दुसऱ्याचा. टेस्को एक्स्प्रेस जिथे एसो या तेल कंपनीच्या पंपावर आहे, तिथे दूध-पाव टेस्कोचा आणि पेट्रोल एसोचं; भाव मोठ्या टेस्कोचा असेल असं समजू नका. अ‍ॅस्डा एक्स्प्रेस नावाचे रस्त्याकडेचे छोटे पंपही मोठ्या दुकानाच्या पंपापेक्षा वेगळ्या भावाने विकू शकतात.

प्रश्न : पाटी वाचायला फिरत बसायचं का? भाव आधी कळायची खात्रीची सोय काय? (मिल्टन कीन्स)

आता आहे. सीएमएच्या अहवालानंतर २०२३ पासून मोठे विक्रेते आपणहून रोजचे भाव प्रसिद्ध करू लागले, पण त्यात बरेच पंप नव्हते. फेब्रुवारी २०२६ पासून ‘फ्युएल फाइंडर’ ही सरकारी योजना लागू झाली. भाव बदलला की ३० मिनिटांच्या आत तो कळवणं त्यात पंपांना कायद्याने बंधनकारक आहे. ही माहिती खुली असल्यामुळे वेगवेगळी अ‍ॅप आणि नकाशे तीच वापरतात.

बघताना नेहमीच्या चुका तीन. पहिली, इंधनाचा प्रकार न निवडणं. साधं पेट्रोल म्हणजे ‘ई१०’, महागडं सुपर म्हणजे ‘ई५’, साधं डिझेल म्हणजे ‘बी७’. एका पंपाचं ई५ आणि दुसऱ्याचं ई१० ताडून ‘बापरे, पंधरा पेन्सचा फरक’ असं म्हणणारी दोन पत्रं याच वेळी आली आहेत. दुसरी, घराचा पिनकोड टाकून जवळचा पंप शोधणं. त्याऐवजी कामाचा पिनकोड आणि वाटेवरचं एखादं ठिकाण टाकून बघा. तुम्ही जिथून एरवीही जाताच तिथला स्वस्त पंप हवा आहे. तिसरी, भाव कधीचा आहे ते न बघणं. नोंदीची वेळ कालची असेल तर बिघडत नाही, भाव कित्येक दिवस तसाच राहू शकतो. पण दोन आठवड्यांपूर्वीची असेल, तर जाण्याआधी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ताडून बघा.

घाऊक भाव चढला की पाटी लगेच चढते, उतरला की सावकाश उतरते. बातम्यांत तेल स्वस्त झाल्याचं ऐकलं आणि टाकीत अर्ध्याहून जास्त असेल, तर आठवडाभर थांबायला हरकत नाही.

प्रश्न : सुपरमार्केटचं पेट्रोल हलकं असतं, इंजिन खराब होतं, असं मित्र सांगतात. खरं काय? (स्लाव)

मित्रांना सांगा की विकलं जाणारं सगळं साधं पेट्रोल बीएस ईएन २२८ आणि डिझेल बीएस ईएन ५९० या मानकांत बसावंच लागतं, पाटी कोणाचीही असो. मूळ इंधन त्याच रिफायनऱ्यांतून आणि बंदरांवरच्या त्याच टाक्यांतून येतं. एकाच डेपोवर निरनिराळ्या कंपन्यांचे टँकर रांगेत भरतात. वेगळी असतात ती पूरक रसायनं, मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणारी, आणि ती टँकर भरतानाच मिसळली जातात. तेल कंपन्या महागड्या प्रकारांत ती जास्त घालतात.

ती निरुपयोगी नाहीत, पण त्यांची धाव मर्यादित आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. अशा इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपांवरून पेट्रोल वाहतच नाही, त्यामुळे तिथे साचणारी काजळी पेट्रोलमधलं कुठलंच रसायन धुऊ शकत नाही. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची टोकं मात्र त्याने स्वच्छ राहतात.

या संशयाचं मूळ बहुधा २००७ मध्ये आहे. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आग्नेय इंग्लंडमधल्या अनेक गाड्या अचानक झटके खाऊ लागल्या. पेट्रोलमध्ये सिलिकॉन मिसळलं गेलं होतं, आणि त्याने धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर निकामी झाले. ते पेट्रोल सुपरमार्केटच्या पंपांवरूनही विकलं गेलं होतं. पण दोष साठवणुकीच्या टप्प्यावरचा होता, दुकानाच्या दर्जाचा नव्हे. भरल्यावर लगेच गाडी अडखळू लागली, तर पावती जपून ठेवा, त्याच पंपावर पुन्हा भरू नका आणि गॅरेजवाल्याला टाकीतला नमुना काढून ठेवायला सांगा. पावती नसेल तर भरपाईचं बोलणं तिथेच संपतं.

आता ई१० बद्दल, कारण याच पत्रात ‘सुपर घालावं का’ असंही विचारलं आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २०११ नंतरच्या सगळ्या पेट्रोल गाड्यांना ते चालतं, आणि त्याआधीच्याही बहुतेकांना. जुनी गाडी असेल तर सरकारी संकेतस्थळावर मेक टाकून तपासा. ई१० मुळे अ‍ॅव्हरेज साधारण एक टक्क्याने घटतं. म्हणजे १३५ पेन्सला १.३५ पेन्सचा तोटा. तो भरून काढायला लिटरमागे दहा-बारा पेन्स जास्त देऊन ई५ घेणं हा उलटा व्यवहार. गाडीच्या पुस्तिकेत ९८ ऑक्टेन लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही सुपरमार्केटचं सुपर बघा : टेस्कोचं मोमेंटम हे ९९ ऑक्टेनचं आहे. साधं पेट्रोल ९५ चं असतं. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत मात्र ई५ बरं, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

प्रश्न : कॉस्टकोचं सदस्यत्व फक्त पेट्रोलसाठी घेणं परवडतं का? (वॉटफर्ड)

वर्षाच्या वर्गणीला लिटरमागच्या फरकाने भागा. समजा वर्गणी ३५ पौंड आणि तुमच्या नेहमीच्या सुपरमार्केटपेक्षा फरक ७ पेन्सचा. ३५ भागिले ०.०७ म्हणजे ५०० लिटर. चाळीस लिटरच्या साडेबारा भरण्या झाल्यावर बचत सुरू. वर्षाला आठ हजार मैल चालवणाऱ्याला ४५ च्या अ‍ॅव्हरेजने सुमारे ८०० लिटर लागतात, म्हणजे उरलेल्या ३०० लिटरवर २१ पौंड सुटतात. वळसा पडत नसेल तर. सदस्यत्वाला पात्रतेच्या अटी आहेत, आणि प्रत्येक कॉस्टकोला पंप नसतो. दोन्ही आधी बघा. घरात दोन गाड्या असतील, तर हिशोब पटकन जमतो.

प्रश्न : टेस्कोचं क्लबकार्ड, सेन्सबरीज सुपरमार्केटचं नेक्टर कार्ड आणि पेट्रोलची कुपनं यांतलं जास्त फायद्याचं काय? (हाउन्स्लो)

कार्डावर जमणाऱ्या गुणांचं वजन फार नाही. टेस्कोत दोन लिटरला एक गुण, किंमत एक पेनी. सेन्सबरीजमध्ये लिटरला एक नेक्टर गुण, किंमत अर्धी पेनी. म्हणजे दोन्हीकडे लिटरला अर्धा पेन्सच. वर्षाला हजार लिटर भरलं तरी पाच पौंड. समोरच्या पंपावर भाव एक पेन्सने कमी असेल, तर तो कार्डाला दुपटीने हरवतो. क्लबकार्डाची कुपनं टेस्कोच्या भागीदारांकडे वापरली तर किंमत दुप्पट होते. ती तशीच वापरणारे असाल, तर दोन्ही पंप बरोबरीत येतात.

कुपनांचं गणित निराळं. समजा ६० पौंडांच्या खरेदीवर लिटरमागे १० पेन्स सूट आहे. चाळीस लिटरला ४ पौंड, वाईट नाही. पण तुमची पिशवी ४५ पौंडांतच भरली होती आणि कुपनासाठी १५ पौंडांचं न लागणारं सामान घेतलंत, तर ११ पौंड गेले. शिवाय त्या पंपाचा मूळ भाव शेजारच्यापेक्षा ४ पेन्सने जास्त असेल, तर खरी सूट ६ पेन्सचीच. कुपन घेऊन जाल त्या दिवशी टाकी जमेल तेवढी रिकामी ठेवा. सूट लिटरवर आहे, भेटीवर नाही. मुदत आणि लिटरची कमाल मर्यादा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते.

प्रश्न : १८ पौंडांचं पेट्रोल भरलं आणि बँकेच्या खात्यातून १०० पौंड अडकले. चोरी झाली की काय? (लीड्स, विद्यार्थी)

चोरी नाही. पंपावरच कार्ड लावलं, तर यंत्र भरण्यापूर्वीच बँकेकडे १०० पौंड किंवा त्याच्या आसपासची रक्कम राखून ठेवायला सांगतं, कारण तुम्ही किती भरणार हे त्याला ठाऊक नसतं. भरून झालं की खरी रक्कम जाते आणि बाकीची मोकळी होते. बऱ्याच बँकांत काही मिनिटांत, काहींत एक-दोन दिवसांनी. खात्यात कमी शिल्लक असेल, तर यंत्र तेवढ्याच रकमेचं पेट्रोल देतं किंवा कार्डच नाकारतं. महिनाअखेरीला खातं कोरडं असेल, तर ‘पे अ‍ॅट किऑस्क’ निवडा, भरा आणि आत जाऊन पैसे द्या. तिथे आधी काही अडकत नाही.

प्रश्न : नुकतीच नाशिकहून आले. तिकडे पंपावर माणूस भरून देतो. इथे स्वतः भरायची धास्ती वाटते. क्रम सांगाल का? (बर्मिंगहॅम)

इंधनाच्या काट्याशेजारी पंपाचं छोटं चित्र असतं, त्याला जोडून बाण. बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. त्याप्रमाणे गाडी लावा आणि इंजिन बंद करा. झाकणाच्या आतलं चिन्ह बघा : पेट्रोलचं गोल, डिझेलचं चौकोनी. तेच चिन्ह नोझलवर असतं. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं नोझल हिरवं, डिझेलचं काळं. तरी रंगापेक्षा अक्षरं वाचा. नोझल उचला, पडद्यावर शून्य येईपर्यंत थांबा, मग पूर्ण आत घालून दाबा. बहुतेक पंपांवर किमान दोन लिटर भरावं लागतं.

टाकी भरली की नोझल ‘टक’ असा आवाज करून आपोआप बंद होतं. तिथेच थांबा. पौंड पूर्ण करायला आणखी चार थेंब कोंबायची आपली सवय इथे महाग पडते : टाकीत वाफेसाठी सोडलेली जागा भरते, पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो डबा बदलावा लागतो. नंतर पंपाचा क्रमांक लक्षात ठेवून आत पैसे द्या.

डिझेल गाडीत पेट्रोल गेलं, तर चावीला हात लावू नका. हे सहज घडतं, कारण पेट्रोलचं नोझल बारीक असल्यामुळे डिझेलच्या तोंडात आरामात बसतं. डिझेल हेच त्या इंजिनाच्या उच्च दाबाच्या पंपाचं वंगण असतं. पेट्रोलने ते धुतलं जातं, धातूचा कीस सुटतो आणि इंजेक्टरपर्यंत पोचतो. सुरू न करता टाकी उपसली तर काम थोडक्यात सुटतं. सुरू केली तर बिल हजारांत जाऊ शकतं. आत जाऊन सांगा, गाडी ढकलून बाजूला घेतील.

प्रश्न : भाव कमी असताना कॅनमध्ये भरून ठेवलं तर? (कॉव्हेंट्री)

नको. घरी स्थानिक प्राधिकरणाला न कळवता ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, तेही प्लास्टिकच्या योग्य कॅनमध्ये प्रत्येकी १० आणि धातूच्या कॅनमध्ये प्रत्येकी २० लिटरपर्यंत. पाच पेन्सच्या फरकाने तीस लिटरवर दीड पौंड वाचवायला घरात ज्वालाग्राही वाफ ठेवू नये.

प्रश्न : लंडनहून एडिंबराला गाडीने जाणार आहोत. मोटरवेवर कुठे भरावं? (हॅरो)

मोटरवेच्या सर्व्हिसेसवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यांवर, शक्यतो भरूच नका. तिथला भाव सुपरमार्केटपेक्षा लिटरला २० पेन्सने किंवा त्याहूनही जास्त असणं नेहमीचं आहे. चाळीस लिटरला ८ पौंड. पहिल्या उत्तरातले ३८ पेन्स आठवा. अशा एकवीस भरण्यांची कमाई इथे एका थांब्यात जाते.

निघण्याच्या आदल्या दिवशी घराजवळच्या स्वस्त पंपावर टाकी पूर्ण भरा. चारशे मैलांना ४५ च्या अ‍ॅव्हरेजने सुमारे ४० लिटर लागतात. टाकी ५० लिटरची असेल, तर मध्ये भरायची गरजच नाही. पण ७० मैलांच्या वेगाने, चार माणसं आणि छतावर सामानाची पेटी असताना अ‍ॅव्हरेज बरंच घसरतं, तेव्हा काट्यावर लक्ष ठेवा. भरावंच लागलं, तर अ‍ॅपमध्ये पुढच्या तीन-चार जंक्शनांजवळचे सुपरमार्केट पंप बघा. बाहेर पडून मैलभरात मोठं दुकान सापडलं, तर दोन मैलांचा वळसा २७ पेन्सचा, आणि फरक ८ पौंडांचा.

काटा अगदीच लाल रेषेला टेकला असेल, तर हट्ट धरून पुढे जाऊ नका. सर्व्हिसेसवर दहाच लिटर घाला. दोन पौंड जास्त जातील, पण शंभर मैल हाती येतील आणि पुढचं सुपरमार्केट निवांत गाठता येईल.